तेरावा माणूस

हॉफडाल, आयोवा
२ फेब्रुवारी

सिग्ने,

तुझा पत्ता फिलिसकडून मिळाला. पक्षाची गावची सभा नीट चालवल्याबद्दल तू तिला आभाराचं कार्ड पाठवलंस म्हणे. छान केलंस. लायब्ररीच्या काउंटरवर तिने ते सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवलंय. पाच महिने घरात राहिल्याबद्दल बापाला कार्ड पाठवायची पद्धत आपल्याकडे नाही, तेव्हा माझी काही तक्रार नाही.

तुझं सामान तुमच्या प्रचार कार्यालयातली ती उंच बाई घेऊन गेली. फ्रिजमधले दह्याचे सहा डबे मात्र तिला नको होते. मला दही आवडत नाही हे तुला माहीत आहे. चार संपवले.

आता मुद्द्याचं बोलतो. तू न बोलता निघून गेलीस, त्यामुळे माझी बाजू ऐकायची राहिली.

राष्ट्राध्यक्ष खुर्चीत बसलेला आहे. त्याला तिथून उठवायचं तर आपल्या पक्षाने कुणाला उभं करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. लोक कितीही वैतागलेले असले, तरी बसलेला माणूस आपोआप उठत नाही. समोरचा उमेदवार असा हवा की ज्याला मत देताना कुणाचा हात अडखळणार नाही. तुझी उमेदवार कोरा व्हिटलॉक हुशार आहे, मान्य. मला ती आवडतेसुद्धा. पण मक्याचं इंधन करून जाळणं हा मूर्खपणा आहे, असं आयोवात येऊन, आपल्याच शाळेत, पहिल्या रांगेत धान्यकोठाराचा मॅनेजर डुएन बसलेला असताना कोण बोलतं? डुएनचा चेहरा बीटासारखा झाला होता. तू मागे उभी राहून टाळ्या वाजवत होतीस.

गव्हर्नर हार्लन म्हणजे उकडलेला बटाटा. कुणाच्या आवडीचा नाही, पण कुणी ताटात टाकून उठतही नाही. अशा वेळी असाच माणूस लागतो.

बाकीच्या देशात पक्षाचा उमेदवार ठरवताना लोक पडद्याआड जाऊन चिठ्ठी टाकतात. कुणी कुणाला मत दिलं ते बायकोलाही कळत नाही. आपल्याकडेच ही रीत, की जानेवारीच्या थंडीत शाळेच्या हॉलमध्ये जमायचं आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात गावादेखत उभं राहायचं. एकतीस वर्षं मी तो हॉल पुसला. कोपऱ्यांच्या पट्ट्यासुद्धा त्या दुपारी मीच चिकटवल्या. सगळ्यांसमोर उभं राहायचं म्हणजे विचार करून उभं राहायला नको का?

पंच्याऐंशी डोकी होती. गट टिकायला पंधरा टक्के लागतात, म्हणजे तेरा. कोपऱ्यात तेरा असले तर गट टिकतो, बारा झाले की मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरा कोपरा धरायचा. पहिल्या मोजणीत तुमचे बरोबर तेरा होते, एडना ब्रेके व्हीलचेअरसकट आणि मी धरून. मग अर्धा तास ओढाओढीचा. डुएन हार्लनच्या कोपऱ्यातून ओरडला, "वर्लिन, अरे त्या दहीखाऊंच्यात काय करतोस? इकडे ये, कॉफी गरम आहे!" सगळे हसले. मी पण हसलो. आणि गेलो.

यात तुझा अपमान करायचा हेतू नव्हता. मी देशाचा विचार केला. दुसऱ्या मोजणीत बारा भरले. फिलिसने पुन्हा मोजले. तू तिसऱ्यांदा मोजायला लावलंस आणि मोजणी चालू असताना तू त्यांच्याकडे बघतच नव्हतीस, माझ्याकडे बघत होतीस.

राग ओसरला की लिही.

बाबा

२० एप्रिल

सिग्ने,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असणार.

व्हिटलॉकबाईंनी माघार घेतल्याचं मार्चमध्ये रेडिओवर ऐकलं. मला वाईट वाटलं. तुला खरं वाटणार नाही, पण वाटलं. मी ताट तसंच ठेवून बाहेर गेलो आणि दारच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला. बर्फ फारसा नव्हता. मला वाटलं, आता नेवाडातलं तुझं प्रचाराचं काम संपलं असेल. आठवडाभर गाडीचा आवाज आला की मी खिडकीशी जात होतो. एकदा तो आपल्याच डुएनचा ट्रक निघाला. मग फिलिसकडून कळलं की तू तिकडे नेवाडात, रीनोतच राहिलीस, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलंस. आईने चौदा वर्षं तेच केलं. मोठ्या पातेल्यात मीठ नेहमी कमी पडतं, हे ती सांगायची. तुला आठवत असेल.

इकडे हार्लनच आपला उमेदवार होणार हे नक्की झालंय. मी अंगणात त्याची पाटी लावली. गावात एकूण तीन पाट्या आहेत. दुसरी डुएनची. तिसरी वाऱ्याने उडून लुथेरन चर्चच्या कुंपणाला अडकली आहे, ती कुणाची ते कळत नाही.

सकाळी सहाला कोठारावर कॉफीला जातो, तिथे होल्टे मास्तर येतात. तुला नागरिकशास्त्र शिकवायचे तेच. ब्याऐंशीचे झाले तरी शिकवायची हौस गेलेली नाही. परवा त्यांनी डोनट टेबलावर ठेवून व्याख्यान दिलं. "हा डोनट म्हणजे निवडणूक. लोकांना काम आहे का, किराणा महागलाय का, लढाई चालू आहे का, अध्यक्षाचा पक्ष किती वर्षं बसलाय, हा सगळा डोनट. उमेदवार म्हणजे वरची साखर. शंभरात दोन, फार तर तीन मतं इकडची तिकडे. बसलेला अध्यक्ष पडतो तो स्वतःच्या कर्माने पडतो, समोरच्याच्या गुणाने नाही."

मी चिडलो. म्हटलं, "मास्तर, मग आम्ही त्या थंडीत हॉलमध्ये उभे कशाला राहिलो?"

ते म्हणाले, "ते तुझं तू सांग. तू तर दोन कोपऱ्यांत राहिलास."

डुएन इतका हसला की कॉफी नाकात गेली. मी मास्तरांना सांगितलं की तुमची ही साखर खोटी आहे. उमेदवारावरच सगळं असतं. असलंच पाहिजे. नाहीतर मी पोरीला दुखवून तिकडे गेलो ते कशासाठी? हे शेवटचं मी मोठ्याने बोललो नाही.

जूनमध्ये आईच्या थडग्यावर दगड बसवणार आहे. तारीख तुला जमेल ती धरू.

बाबा

२९ जून

सिग्ने,

दगड बसला. करडा घेतला, लालसर तिला आवडला नसता. तारखेबद्दल तुझं काही आलं नाही, तेव्हा दगडवाल्याच्या सोयीने केलं.

एडना ब्रेके आली होती. तिच्या पुतण्याने व्हीलचेअर गवतातून ढकलत आणली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "वर्लिन, मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आजवर प्रत्येक वेळी शेजाऱ्यांना कोण चालेल ते बघून मत दिलं. यंदा म्हटलं, मला जी आवडते तिच्यासाठी उभी राहते. म्हणजे बसते." मग बराच वेळ तिने हात सोडला नाही. "तुझ्या पोरीने मला घरून आणलं होतं रे. माझ्या पायावर स्वतःचा कोट घातला होता."

 

परत येऊन उभ्यानेच जेवलो. हल्ली टेबलावर बसत नाही, एकाच ताटासाठी पुसावं लागतं.

बाबा

६ नोव्हेंबर

सिग्ने,

ऐकलंच असशील. हार्लन पडला. थोडाथोडका नाही, आपल्या जिल्ह्यातसुद्धा पडला.

मी आता शांतपणे विचार केला आहे आणि तू वाचशील तर तुलाही पटेल. होल्टे मास्तरांचं बरोबर होतं. यंदा मक्याला भाव बरा आहे, नवा पूल झाला, डुएनच्या दोन्ही जावयांना काम आहे. अशा वर्षी बसलेल्या अध्यक्षासमोर कुणीही उभा केला असता तरी पडलाच असता. हार्लन काय, व्हिटलॉक काय, गावचा पोस्टमन काय. उमेदवाराने काहीही फरक पडत नाही. म्हणजे जानेवारीत तुमचा गट टिकला असता तरी काही वेगळं झालं नसतं. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहितोय. तुझे ते महिने माझ्यामुळे वाया गेले असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. ते वाया जाणारच होते.

वाचून बघितलं. शेवटचं वाक्य नीट उतरलं नाही. पण राहू दे.

एक गंमत सांगतो. काल सकाळी कोठारावर गेलो. मी डुएनला म्हटलं, "निदान आपण दोघांनी तरी त्याला साथ दिली."

डुएन कपात बघत म्हणाला, "वर्लिन, रागावू नकोस. मी अध्यक्षालाच मत दिलं."

"काय?"

"अरे, हार्लन चांगलाच माणूस आहे. पण मतपत्रिका हातात घेतली आणि मला त्याचा चेहराच आठवेना. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्या हातात देश कसा देऊ?"

"मग जानेवारीत मला ओढलंस कशाला, मेल्या?"

"मला वाटलं तुम्हा लोकांना तो आवडतो!"

मास्तर इतके हसले की त्यांचे दात टेबलावर काढून ठेवावे लागले. मीही हसलो. घरी आल्यावर अंगणातली पाटी उपटली, ती गॅरेजमध्ये नेली आणि तिथेच उलट्या बादलीवर बसलो. दुपारचं जेवण राहिलं.

त्या संध्याकाळी हार्लनच्या कोपऱ्यात आम्ही एकेचाळीस जण होतो. त्याच्यावर मनापासून जीव असलेला एकही माणूस तिथे होता का, हे मी आठवून बघतोय. एकेचाळीस जण एकमेकांना कोण चालेल ते बघून उभे होते. आणि पलीकडे तुझे बारा, बारा म्हणजे बाराच, आपल्या मनाने उभे होते.

बाबा

१२ डिसेंबर

सिग्ने,

तुझं कार्ड आलं. त्याच्यावर तळं आहे, सुंदर आहे. मागे तुझं अक्षर बघून मी टपालपेटीपाशीच उभा राहिलो, फाटकापर्यंत यायचंही सुचलं नाही. दोनच ओळी होत्या, त्या मला आता पाठ झाल्यात.

"बाबा, एकदाचं ठरव. जानेवारीत उमेदवाराने सगळा फरक पडत होता, नोव्हेंबरात काहीच पडत नाही. यातलं खरं कोणतं?"

मी तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात मास्तरांचा डोनट होता. दुसऱ्यात मी लिहिलं की खरं मधे कुठेतरी असेल: चुरशीच्या वर्षी ती दोन-तीन मतं पुरतात, एरवी नाहीत. हे चुकीचं नसेलही. पण तू मला ते विचारलेलं नाहीस, हे माझ्यासारख्या फरशी पुसणाऱ्यालाही कळतं.

तेव्हा आता खरं लिहितो. बसून वाच.

सभेच्या त्या सोमवारी सकाळी तू स्वयंपाकघरात उभ्याने टोस्ट खात होतीस. मी विचारलं, "आज झालं की पुढे काय?" तू म्हणालीस, "चांगलं झालं तर प्रचाराला नेवाडा. मग पाठवतील तिथे, ऑगस्टपर्यंत. वाईट झालं तर इथेच सामान गुंडाळायचं." तू हात झटकलेस आणि गेलीस.

मी दिवसभर पट्ट्या चिकटवत होतो आणि ते शेवटचं वाक्य डोक्यात घोळत होतं. सामान गुंडाळायचं म्हणजे घरी राहायचं, हे मीच धरून चाललो. आईला जाऊन अकरा महिने झाले होते. ऑगस्टमध्ये तू आलीस, तेव्हापासून घरात पायांचा आवाज होता. न्हाणीघरात कुणीतरी गुणगुणत होतं. तू फोनवर अनोळखी लोकांशी कोरा व्हिटलॉकबद्दल तावातावाने बोलायचीस आणि मी शेजारच्या खोलीत पेपर उलटा धरून ऐकायचो. तुम्ही काय बोलता त्याच्याशी मला काही घेणं नव्हतं. घरात कुणीतरी बोलत होतं, तेवढं पुरे होतं.

पहिली मोजणी झाली आणि फिलिस म्हणाली, "तेरा. टिकले." तू उडी मारलीस. मला तेव्हा नेवाडा दिसलं. रिकामं घर दिसलं. डुएनने हाक मारली नसती तरी मी गेलो असतो. कॉफी प्यायलोही नाही, कप हातात धरून उभा होतो.

त्या हॉलमध्ये पंच्याऐंशी माणसं अध्यक्ष कोण व्हावा याचा विचार करत होती. मी करत नव्हतो. हार्लनने देश बुडवला असता तरी त्या घटकेला मला चाललं असतं. तू घरी राहावीस म्हणून मी तुझा गट मोडला. आणि मग दहा महिने देशाच्या नावाने तुला पत्रं लिहिली. जिंकायचं होतं तेव्हा उमेदवार महत्त्वाचा केला, हरल्यावर बिनमहत्त्वाचा केला. जे सोयीचं पडलं ते लिहिलं.

मला लाज वाटते, सिग्ने. एडनाच्या तोंडाकडे बघवत नाही.

बाबा

९ जानेवारी

सिग्ने,

तुझं पत्र काल मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कळलंच नाही. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तू लिहितेस की सभेच्या आदल्या रविवारीच तू प्रचार कार्यालयाला कळवलं होतंस, मी नेवाडाला येणार नाही, माझे वडील एकटे आहेत. फिलिसच्या लायब्ररीत जागा होती, ती तू धरली होतीस. आणि सोमवारी सकाळी नेवाडाचं मुद्दाम बोललीस, कारण मी एकदा तरी "थांब" म्हणतो का ते तुला बघायचं होतं. "तू काही म्हणालाच नाहीस," असं लिहिलंयस. "नुसतं म्हणालास, पट्ट्या चिकटवायला उशीर होतोय."

म्हणालो खरा.

पुढे लिहिलंयस की मी हार्लनच्या कोपऱ्यात गेलो तेव्हा तुला वाटलं, बाबांना मी इथे नकोच आहे, आणि तेही ते अख्ख्या गावासमोर सांगताहेत. मग पार्किंगमधूनच तू त्या उंच बाईला फोन केलास की मी येते.

मी तडक लायब्ररीत गेलो. फिलिस पुस्तकांवर शिक्के मारत होती. मी तिला विचारलं. तिने शिक्का खाली ठेवला. "मला वाटलं तुला माहीत आहे," ती म्हणाली. "जूनपर्यंत जागा रिकामी ठेवली होती मी तिच्यासाठी. वर्लिन, तू तिला कधीच विचारलं नाहीस?"

मी मुलांच्या विभागातल्या छोट्या खुर्चीवर बसलो. तिथून उठायला फिलिसने हात दिला.

आपण कसली माणसं आहोत, सिग्ने? आपल्याला कोण हवं ते भर थंडीत हॉलमध्ये जाऊन, शेजाऱ्यांसमोर, कोपऱ्यात उभं राहून सांगतो. ज्या माणसाला आपण आयुष्यात दोनदाही भेटणार नाही, त्याच्यासाठी भांडतो, घसा बसवतो. आणि स्वयंपाकघरात दोनच माणसं असताना, एक टोस्ट खातंय आणि दुसरं नुसतं बघतंय, तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही. तू लिहितेस, "तुझीच पोर आहे मी." आहेस खरी. आई असती तर दोघांच्या पाठीत एकेक धपका घालून सांगितलं असतं.

त्या सकाळी बोलायला हवं होतं ते आता लिहितोय. उशीर झालाय हे मला माहीत आहे. तिथे तुझं काम आहे, माणसं जोडली असशील, कदाचित एक वर्षात बरंच काही बदललं असेल. तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण या खेपेला तू माझ्या तोंडून न ऐकता ठरवायचं नाही.

सिग्ने, घरी ये. मला तू हवी आहेस.

बाबा